गवराने न फोडलेली पत्रं

एक होतं विद्यापीठ. उंच डोंगरावर. पायथ्याच्या गावात धाकलू बुरूड राहायचा, बांबूच्या टोपल्या विणायचा. त्याची बायको तापाने गेली. गावात वैद्य नव्हता. मग त्याने ठरवलं, लेक गवरा हिला वैद्य करायचं. तिला एक पेटारा विणून दिला, वर विद्यापीठात धाडलं आणि एकच सांगितलं, “कुणापुढे हात पसरायचा नाही.”

आता तिथली रीत ऐका. तिथे विद्या उधार मिळे. पण वर्ष सरेपर्यंत पैसे आले नाहीत, की शिकवलेलं परत जाई. कुणी न्यायला येत नसे, बरं का. सकाळी उठावं तर डोक्यातून गेलेलं.

धाकलू पैसे पाठवी. ते जेवणालाच पुरत. मग दर अमावास्येला विद्यापीठाची एक घार येई आणि गवरापुढे पत्र टाकी. गवरा ते फोडत नसे. पेटाऱ्यात टाकी, झाकण लावी. न फोडलेलं पत्र आलंच नाही, असं तिने धरलं. शिकल्या माणसालाच असलं सुचतं. बापाला निरोप धाडी, सगळं ठीक आहे.

पहिलं वर्ष सरलं. औषधांची नावं गेली. दुसरं सरलं. मग हाताला नाडी कळेना. तिसरं सरत आलं, तशी अक्षरं गळायला लागली. तेव्हा ती घाबरली. पेटारा उघडला, सगळी पत्रं फोडली. पण आता वाचता कुठे येतंय?

वर्ष संपायला तीन दिवस राहिले. धाकलू लेकीला न्यायला आला. बघतो तर ती पत्रांच्या ढिगात बसलेली.

“मला का नाही कळवलंस?”

“आबा, तूच म्हणाला होतास, हात पसरायचा नाही.”

धाकलूने पत्रं गोळा करून पेटाऱ्यात भरली.

भटारखान्याच्या मागे एक खिडकी होती. तिथे कोंडाबाई नावाची म्हातारी बसे. अडलेल्यांची पत्रं वाचायची, हेच तिचं काम. पण कुणी जात नसे. गजांना जळमटं लागली होती.

धाकलू गेला. म्हणाला, शंभर टोपल्या देतो. म्हातारीने मान वर केली नाही. मग त्याने कंबरेचा कोयता काढून ठेवला. तिने तो मागे सारला, वर विचारलं की उद्या बांबू काय दाताने सोलणार? मग धाकलूने कोयता परत कंबरेला खोचला. शेवटी म्हणाला, “बाई, आमचं अडलंय. आम्हाला जमत नाही.”

“एवढंच बोलायचं होतं,” म्हातारी म्हणाली. “तीन वर्षं लावलीत.”

मग तिने पत्रं वाचली. सगळी मागणीची होती. पण दर वर्षाचं एक निराळं निघालं. त्यात लिहिलं होतं, गवरा धाकलू हिची फी माफ, वर्ष सरायच्या आत खिडकीशी येऊन सांगावं. अशी तीन निघाली. पहिल्या दोन्हींची मुदत गेलेली. ती म्हातारीने बाजूला ठेवली. तिसऱ्यावर शिक्का मारला, आणि गवराची अक्षरं जागच्या जागी परत आली. बाकीच्या दोन वर्षांचं दहा वर्षं हप्त्याने फेडायचं ठरलं. जसं फिटेल तसं आठवेल.

बापलेक गावी आले. त्या थंडीत शेजारच्या भिमाबाईचं पोर तापलं. गवरा दिवसभर उशाशी बसली. या तापाचं औषध आपल्याला एकदा ठाऊक होतं, एवढं तिला कळत होतं. नाव काही येईना. पोर गेलं.

ते नाव चौथ्या हप्त्याला आलं. गवराने स्वतः जाऊन भिमाबाईला सांगितलं. भिमाबाईने ऐकून घेतलं आणि दार लावलं.

मग दहा वर्षं गेली. कर्ज फिटलं. गवरा वैद्य झाली, धाकलू म्हातारा होऊन गेला, आणि गाव सुखात राहिलं. राहता येतं तेवढं.

झालं. पांघरुणं घ्या. कुणी काही दडवलं असेल तर सकाळी येऊन सांगा. मी रागावणार नाही. झोपा आता.