काखेतली तिसरी गाठ

"बुवा, शेवटी हात घालायला दर वेळी जामनाच का?"

बुवा नखं कापत होते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ते आधी नखं कापत, मग चहा. त्यांनी मान वर केली नाही.

शार्दूलला राहवेना. "रंग मी टोचतो. कॅमेरा मी धरतो. गाठ मी शोधून देतो. आणि टाके घालायच्या आधी काखेत बोट फिरवायला हाक कुणाला? जामनाला!"

"किती वेळा झालं असं?"

"चौदा वेळा."

"बरं लक्षात ठेवलंस…"

सातपुड्याच्या पायथ्याशी एका मठाचा दवाखाना होता. बुवा तिथले सर्जन. एरवी अंगावर भगवी कफनी, ऑपरेशनपुरता झगा. हाताखाली शिकायला दोघं. शार्दूल पुण्याहून सुवर्णपदक घेऊन आलेला. जामना पावरा धडगावकडची, डोंगरातली. लाखमोलाच्या कॅमेऱ्याला ती अजून 'दिवा' म्हणायची.

आणि बुवा तिला हसून "बाई गं" म्हणायचे! शार्दूलला नुसतं "डॉक्टर". हे त्याच्या जिवाला फार लागायचं. बुवा काही सांगत असले, तरी याचे डोळे तिच्याकडे. तिच्याकडे किती वेळ बघून बोलले? माझ्याकडे किती?

"आज सगळं तू कर," बुवा म्हणाले. "शेवटपर्यंत."

शार्दूलला आभाळ ठेंगणं झालं.

टेबलावर वैजयंता होती. वय एकोणतीस. छातीतली गाठ लहान होती, लवकर सापडली होती. पण रोग तिथून काखेकडे निघाला असेल तर? तर तो आधी काखेतल्या पहिल्या लसिकागाठीशी पोचणार. तिला पहारेकरी गाठ म्हणतात. ती स्वच्छ निघाली, की बाकीची काख तशीच ठेवायची. नाही निघाली, तर पुढचे उपाय वेगळे.

भूल चढायच्या आधी वैजयंताने शार्दूलची बाही धरली.

"दादा, नीट बघा हं. माझं पोर दोन वर्षांचं आहे. मी नसले तर जेवत नाही ते…"

"काळजी नको. माझ्या कॅमेऱ्यातून काही सुटत नाही."

हे तो जामनाला ऐकू जाईल असं बोलला.

त्याने छातीत रंग टोचला; रोग ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने तो काखेत जातो. मोठे दिवे मालवले. पडद्यावर हिरवी रेघ उमटली, सरकत सरकत काखेत शिरली आणि दोन गाठी काजव्यांसारख्या उजळल्या. त्याने दोन्ही अलगद काढल्या. तपासणीला पाठवल्या.

मग कॅमेरा पुन्हा फिरवला. पडदा काळा. कुठे ठिपका नाही.

"झालं, बुवा. टाके घालतो."



जामना हळूच म्हणाली, "दादा, एकदा बोट फिरव ना."

शार्दूलच्या अंगाचा तिळपापड झाला. "का? आज तुला हाक मारली नाही म्हणून पोटात दुखतंय?"

"तसं नाही रे…"

"पडदा रिकामा आहे. दिसतंय ना?"

बुवा पुढे आले. त्यांनी पडदाच बंद करायला लावला. शार्दूलचं मनगट धरलं आणि त्याचं बोट काखेत खोल, बरगडीच्या कडेला नेलं.

थांबले.

शार्दूलच्या बोटाखाली काहीतरी आलं. चिंचोक्याएवढं. टणक.

त्याने ते काढलं. फिकट गाठ. रंगाचा थेंबसुद्धा नाही. कॅमेरा लावून पाहिला तरी उजळेना.

पाऊण तासाने तपासणीच्या खोलीतून निरोप आला. उजळलेल्या दोन्ही गाठी स्वच्छ. तिसरीत रोग.

ती आत राहिली असती, तर 'काख स्वच्छ आहे' असं सांगून वैजयंताला घरी पाठवलं असतं. त्यानेच, स्वतःच्या तोंडाने.

दुपारी वैजयंता शुद्धीवर आली. बुवांनी तिला सगळं खरं सांगितलं. औषधं जास्त दिवस घ्यावी लागतील, पण रोग कुठे आहे ते कळलंय, हेही सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, पोराला आणा.

शार्दूल बाहेर बेसिनपाशी उभा होता. केव्हाचे हात धूत होता. बुवा शेजारी येऊन हात धुऊ लागले.

"बुवा… पहारेकरी तीच होती. मग रंग तिच्यात का गेला नाही?"

"रोगाने गच्च भरली होती. जागाच नव्हती. रंग बाजूने निघून शेजारच्या गाठींत गेला."

नळ वाहत राहिला…

"जामनाला हे माहीत होतं?"

"होतं."

पुन्हा तीच कळ उठली. एवढं होऊनसुद्धा. "तिला तेवढं शिकवलंत! कधी? मी नसताना?"

बुवांनी नळ बंद केला. कफनीला हात पुसले.

"पहिल्या दिवशी. तू तिच्या शेजारीच उभा होतास."