अळिवाची खीर आणि पोटातला पीळ

सकाळचे नऊ वाजायला पाच मिनिटं होती, तेव्हा हे सुरू झालं. एका वृद्ध सुईणीची शिष्या स्वतःच बाळंतीण झाली होती. तिची थोरली जाऊ कौतिका रोज त्या वेळी तिच्यापुढे अळिवाची खीर ठेवी आणि लेकराला न्हाऊ घालायला मागच्या मोरीत नेई. त्या दिवशी खीर संपते न संपते तोच शिष्येच्या पोटात पीळ पडला, घशाला कोरड पडली, तळहात गार झाले. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिच्या मनात पाल चुकचुकली. जाऊबाईंना मूल नाही. खिरीत काही घालत तर नसतील? तिने अर्धी खीर गुपचूप मांजराला घातली. मांजर ठणठणीत! पण संशयाला पुरावा कुठे लागतो? तिने नवऱ्यामागे चूल वेगळी करायचा धोशा लावला, आणि उतारा मागायला सुईणीला बोलावलं.

सुईण आली तशी खीरही आली. शिष्येने वाटी हळूच पुढे सरकवली. "तुम्हीच बघा, कसला वास येतोय का."

म्हातारीने वाटी तोंडाला लावली, ती संपवून बोटाने पुसून चाटली.

"अहो आई, हे काय केलंत!"

म्हातारीने दाराकडे हाक दिली, "कौतिके, ने गं लेकराला."

कौतिका लेकराला घेऊन वळली आणि शिष्येने पोट धरलं.

"काय झालं?"

"पीळ पडला."

"खीर माझ्या पोटात, पीळ तुझ्या पोटात. हे कसं गं?"

सुईणीने शिष्येचाच तळहात तिच्या पोटावर ठेवला. "गावातल्या बायांची पोटं या हाताने ओळखतेस, आता हे ओळख. तुझं पहिलं लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर असताना गेलं. तेव्हा म्हणालीस, मला काही होत नाही. देहाने मात्र ते जपून ठेवलं. हे भय आहे, पोरी. तू त्याला नाव दिलं नाहीस, म्हणून ते जावेचं नाव लावून घरात हिंडतंय."

शिष्या उठून मोरीपाशी गेली. "जाऊबाई, लेकरू नजरेआड झालं की मला फार भीती वाटते."

कौतिकाने तांब्या खाली ठेवला. "एवढंच होय! मला मेलीला वाटलं, माझी खीर तुला गिळवत नाही. बस इथं पाटावर. पाणी तू घाल, मी धरते."

शिष्येने पहिला तांब्या ओतला. डोळे लेकरावरून हलत नव्हते; का, ते आता तिला कळत होतं.

कुणा बाळंतिणीला असं होत असेल तर वैद्याला दाखवाच, पण कशाची भीती वाटते तेही विचारा. आणि एवढं करा, ही गोष्ट तिच्या जावेच्याही कानावर घाला.