चार क्रियापदं

"मग यातलं कोणतं चुकलं, भंते?"

उत्पलाने विहारातल्या फळ्याकडे बोट केलं. चार इंग्रजी क्रियापदं मघाशी तिनेच खडूने एकाखाली एक लिहिली होती. डिव्हाइज. फॉर्म्युलेट. ड्राफ्ट. आर्टिक्युलेट.

भंते शीलरत्न चटईवर बसले होते. त्यांनी फळ्याकडे पाहिलं नाही.

चीवर घेण्याआधी ते तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. ही चारही क्रियापदं उत्पला त्यांच्याकडेच शिकली होती. डिव्हाइज म्हणजे वाट नसेल तिथे डोक्यातून वाट काढायची. फॉर्म्युलेट म्हणजे त्या वाटेचे टप्पे पाडायचे. ड्राफ्ट म्हणजे ते टप्पे, कच्चे का असेनात, कागदावर आणायचे. आणि आर्टिक्युलेट म्हणजे तेच तोंडाने असं मांडायचं, की ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ काढायला जागा राहू नये.

त्या शिदोरीवर ती एम.ए. झाली. आणि त्याच शिदोरीवर जनसुनावणीला उभी राहिली.

कोळशाच्या खाणीला आवळझरी हवी होती. शेतं, घरं, हा विहार, सगळंच. सुनावणीत गावाला आपलं म्हणणं सांगायचं होतं. साहेब लोक इंग्रजी बोलणार, म्हणून गावाने उत्पलाला पुढे केलं. तिने घरोघरी फिरून माहिती घेतली आणि आराखडा तयार केला. गाव उठलंच तर नवी घरं कुठे हवीत, विहिरीला पाणी कुठे लागेल, शाळा रस्त्यापासून किती आत हवी, विहाराचं दार कोणत्या दिशेला हवं, माणसं पुरायची कुठे... काहीही सुटलं नव्हतं. ती बोलत असताना मोठ्या साहेबांनी मोबाइल उलटा ठेवला होता. इतका अभ्यास करून आलेलं गाव आपण पाहिलं नाही, असं ते नंतर म्हणाले.

काल ग्रामसेवकाने सुनावणीचं इतिवृत्त ग्रामपंचायतीसमोर वाचून दाखवलं. ग्रामस्थ स्थलांतरास तयार असून त्यांनी स्वतःहून सविस्तर आराखडा सादर केला आहे.

स्वतःहून.

तेव्हापासून गाव तिच्याशी बोलत नव्हतं. सकाळी ती विहाराकडे येत असताना पारबताबाई अंगण झाडत होती. तिने उत्पलाला पाहिलं, खराटा भिंतीला टेकवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

"मी एकेक शब्द तपासलाय," उत्पला म्हणाली. "ड्राफ्ट चांगला होता. वाचलाही नीट. मग फॉर्म्युलेट करतानाच काहीतरी राहिलं असणार. क्रम चुकला असेल. अटी आधी घ्यायला हव्या होत्या का?"

भंते चटईची सुटलेली काडी आत खोचत राहिले.

"तुम्ही तिथेच बसला होतात. पहिल्या रांगेत."

"होतो."

"मग थांबवलं का नाही मला?"

...

तिला त्या गप्प बसण्याचा संताप आला. लहानपणापासून ती हेच बघत आली होती. वेळ आली की मोठी माणसं गप्प बसतात, आणि सगळं हातचं गेल्यावर चेहरा असा करतात, जणू त्यांना आधीच ठाऊक होतं. तिने हे तोंडावर बोलून दाखवलं. म्हणाली, तुम्ही म्हातारी माणसं घाबरता आणि त्याला शांती म्हणता.

भंतेंनी मान हलवली. हो म्हणून.

त्यामुळे तिचा राग आणखीच अडकून पडला.

भंते म्हणाले, "त्या दिवशी सुनावणीत सगळ्यांच्या आधी पारबता उठली होती."

"मीच बसवलं तिला," उत्पला म्हणाली. "ती एकच धरून बसली होती. आमाले जायाचंच नाही, आमाले जायाचंच नाही. ना कारण, ना पुरावा. साहेब हसले असते, भंते. गावाला अडाणी म्हणाले असते. मी तिला म्हटलं, मावशी, तू बस, मी नीट मांडते."

"मग?"

"मग बसली."

भंतेंनी डोळे मिटले. दूर खाणीच्या बाजूला सुरुंग उडाला. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि शांत झाल्या. दोघांपैकी कुणी दचकलं नाही.

"तुला काय सांगायचं होतं त्यांना?" भंतेंनी विचारलं.

"हेच की, पुनर्वसन करायचं असेल तर ते..."

"त्याच्या आधी."

"आधी पर्यायी जागेची पाहणी..."

"त्याच्याही आधी."

"कोडी घालू नका," ती म्हणाली. "माझ्यामुळे गाव चाललंय. मला फक्त सांगा कोणतं चुकलं. मी दुरुस्त करते. नवीन अर्ज लिहिते. अजून वेळ आहे."

भंतेंनी बोलण्यासाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात दारात सावली पडली. खाणीच्या ठेकेदाराचा माणूस होता. हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश. त्याने चपला बाहेर काढल्या, डबा खाली ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

"जय भीम, भंते. घरांवर नंबर टाकणं चालू आहे जी. ज्या घराले नंबर, ते मोजणीत. इथं कुठं टाकू?"

भंते त्याच्याकडे बघत राहिले.

माणूस जरा घोटाळला. मग बाहेर जाऊन दाराशेजारच्या भिंतीसमोर उभा राहिला. ती भिंत निळी होती, आणि तिच्यावर विहारासाठी विटा वाहणाऱ्या बायांची नावं पांढऱ्या अक्षरांत लिहिली होती. त्याने ब्रश रंगात बुडवला.

उत्पला धावत बाहेर गेली.

"इथं नको."

भंतेंनी मान वर केली. ती आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. चटईवर टेकवलेला त्यांचा हात उठण्यासाठी जोर देत होता.

ब्रश हवेतच थांबला. लाल थेंब खाली मातीत पडले.

"इथं नावं आहेत," उत्पला म्हणाली. "मागच्या भिंतीवर टाका. उजव्या कोपऱ्यात, खिडकीच्या वर, म्हणजे मोजणीवाल्यांना रस्त्यावरूनही दिसेल. डाव्या बाजूला ओल आहे, तिथं रंग धरणार नाही. आणि तुमच्या नोंदीत राहतं घर लिहू नका, सार्वजनिक वास्तू लिहा. म्हणजे नवीन गावात विहाराला वेगळी जागा द्यावी लागेल."

माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. सकाळपासून लोक शिव्या देत आहेत, एका घरी तर अंगावर पाणी टाकलं, असं तो सांगत राहिला. मग म्हणाला, "तुमच्यासारखं समजून सांगणारं कोणी असलं ना ताई, तर काम सोपं होते."

तो डबा उचलून विहाराच्या मागे गेला.

उत्पला आत आली. पदर सावरून भंतेंसमोर बसली. मागच्या भिंतीवर ब्रश फिरल्याचा आवाज येऊ लागला. ओला, सावकाश.

भंतेंचा हात पुन्हा मांडीवर गेला होता. मान खाली होती.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात, भंते," ती म्हणाली.

...

"किती नीट मांडलंस, उत्पला."