डब्यांची राखण

एकदा एका तरुण क्रीडाशिक्षकाने आपल्या वृद्ध गुरुबाईंना शाळेचे मैदान पाहायला बोलावले. लहानपणी त्याला खो-खो शिकवला तो बाईंनीच. मैदानावर नुसती धमाल! मुली वाऱ्यासारख्या पळत होत्या, ‘खो’ची आरोळी कुंपणापार जात होती. आणि चिंचेखाली, साऱ्या वर्गाच्या दप्तरा-डब्यांच्या ढिगाशेजारी, नववीतली मृण्मयी बसली होती. देहाने जड. हात कुणाच्या तरी डब्यात, नजर मैदानावर.

“ही का बसलीय रे?” बाईंनी विचारले.

“तिला धाप लागते, बाई. मुली हसतात. म्हणून मीच राखणीला बसवतो. घरून फक्त काकडी-टोमॅटो देतात, तरी वजन हलत नाही. खाण्यावर ताबाच नाही तिचा.”

शिष्य दयाळू होता. असल्या दयेचा मला मनस्वी संताप येतो!

बाई तडक चिंचेखाली गेल्या. “ऊठ गं. डबे मी राखते.” आणि त्या चक्क धुळीत मांडी घालून बसल्या. शिष्य खुर्ची आणायला धावला; त्यांनी त्याला हातानेच परतवले.

मृण्मयी पुटपुटली, “सगळ्या हसतील, आजी.”

“हसू देत. हसणाऱ्यांनाही धाप लागतेच की!”

“ही आमच्यात नको हं, आम्ही हरू!” कुणीतरी ओरडले.

“सरावच ना हा? मग हरा खुशाल!” बाई कडाडल्या.

मृण्मयी पाठलाग करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसली. पहिला खो मिळाला. ती उठेपर्यंत समोरची नूपुर पसार! मैदानभर हशा.

शिष्य कळवळला, “बाई, बोलवू का तिला परत?”

“खबरदार! अरे, घरून अर्धपोटी आलेल्या पोरीला तू रोज अन्नापाशी बसवलंस आणि खेळातून उठवलंस. वर म्हणतोस, ताबा नाही! मी आत्ता बसले, पोटात भूक नाही, तरी माझाही हात झाकणाकडे गेला. ती आळशी नव्हती, आपण तिला बसवलं. आईबापांना सांग, भाकरी, भाजी, उसळ पोटभर द्या. आणि तू तिला रोज खेळव. पळेल, थांबेल, पुन्हा पळेल. वजनाचं नंतर बघू. आधी पोर हलू दे!”

तेवढ्यात पुन्हा खो! या वेळी मृण्मयी उसळून उठली, वळली, झेपावली आणि नूपुरच्या पाठीपासून वीतभर अंतरावर धाडकन मातीत पडली. साऱ्या मुली किंचाळल्या. हशा नव्हता तो!

शिष्याने डबे-दप्तरे उचलून वर्गात ठेवली आणि दाराला कुलूप घातले. राखणीला कुणी लागतच नव्हते मुळी.

नूपुरने मृण्मयीला हात देऊन उठवले. “वाचले गं बाई! उद्या तू खांबाजवळ बस, तिथे वळायला सोपं जातं.”

“उद्या कशाला?” मृण्मयी धापा टाकत म्हणाली. “आत्ताच बसते.”

शिष्याने शिट्टी फुंकली.