दोरावरचे हात

“...आणि मागे घेतलंय, तर लोक माका भियालो म्हणतले काय, आबा?”

प्रश्न अर्ध्यावरूनच सुरू झाला. पहिला अर्धा दिगंबरने वाटेत स्वतःलाच विचारून संपवला होता.

आबा तारी वाळूत बसून दोर चाचपत होते. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू. पण गावच्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, अजून तेच. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि दोन टोकांचे दोर धरून गाव ते ओढतं.

दिगंबर कुबल हा आबांच्या हाताखाली बारा वर्षं काढलेला शिष्य. आता त्याची स्वतःची इंजिनाची होडी होती, इस्त्रीची पँट होती आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत होतं.

मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीला तो उभा होता. मागणी एकच. मासळी टेम्पोत चढण्याआधी भाव ठरला पाहिजे, आणि तो सगळ्यांसमोर ठरला पाहिजे.

गेली अठरा वर्षं उलटं चाललं होतं. मासळी दुपारी जायची, भाव संध्याकाळी कळायचा. मासळी नेणारा व्यापारी यशवंत हा सोसायटीच्या अध्यक्षांचा मेव्हणा. यावर आणखी काही सांगायची गरज नाही.

“अध्यक्षांनी सांगावो धाडल्यानी,” दिगंबर म्हणाला. “अर्ज मागे घे, निवडणूक बिनविरोध होवंदे. मागसून तुका स्वीकृत संचालक म्हणान घेतंव. तीन वाजेपर्यंत तालुक्याक सही पोचाक होयी.”

आबा दोर चाचपत राहिले.

“आत गेल्याशिवाय भाव कसो वाढतलो, आबा? आणि भायर रवान लढूचा, तर माझ्याबरोबर कोण आसा? सभेत सगळे माना हलवतत. सूचक म्हणान सही करूक एक माणूस गावता गावता नाकी नऊ इले. मी एकटो आसंय.”

“एकटो...”

“एकटोच.”

आबांनी दोराचं टोक उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

“आधी ह्यो ओढ. मगे जा.”

दिगंबरने घड्याळ पाहिलं. साडेअकरा. गुरूचा शब्द मोडायचा नाही, एवढी एक सवय अजून शिल्लक होती. चपला काढून तो दोराला लागला.

रापण ओढणारा समुद्राकडे तोंड करून मागे मागे चालतो. मागे जात जात वर सुरूच्या झाडांपाशी पोचला की दोर सोडतो, खाली पाण्यात जातो आणि पुन्हा दोर धरतो. सगळ्यात वर पोचलेला सगळ्यात खाली येतो. हे कोणी कोणाला सांगत नाही.

दिगंबर वर पोचला आणि तिथेच थांबला. खाली पाणी होतं आणि पँट तालुक्याला न्यायची होती. झाडाला पाय रोवून त्याने दोर घट्ट धरला आणि हुकूम सोडायला सुरुवात केली.

“ओढा रे. मधी ढिलो पडता. जोर लावा.”

“दिगा,” आबा म्हणाले. “दोर सोड.”

“सोडू कित्याक? धरलंय न्हय घट्ट.”

“वर रवान जोर लागणा नाय. पाण्यात जा.”

दोरावरच्या चाळीस माणसांतून कोणीतरी हसलं. मासे विकणारी बायजाक्का तर उघडच म्हणाली, “जा, जा. पँट सुकता रे.”

दिगंबरला राग आला. कानापर्यंत आला. ज्यांच्या भावासाठी आपण भांडतो तेच आपल्याला हसतात, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं. पण तो खाली गेला. पहिल्याच लाटेने पँटीची इस्त्री संपवली.

तो वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. पाचव्या खेपेला तो पँट विसरला. सातव्या खेपेला घड्याळ विसरला.

जाळ्याचं पोट गुडघाभर पाण्यात आलं तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. पाणी एकदम उकळल्यासारखं झालं. बांगडा. जाळं फाटेल की काय एवढा बांगडा.

इथे आमच्याकडे एक चूक होते. दर वेळी होते. बांगडा चमकला की माणसं दोर टाकतात आणि टोपल्यांकडे धावतात. जो तो आपल्या टोपलीचा होतो. मासळी वाळूवर येते, ऊन तिच्यावर चढतं, आणि मग घाई व्यापाऱ्याला नसते, आपल्याला असते.

सुरूखाली टेम्पो उभा होता. यशवंत पायांत बूट घालून बॉनेटला टेकला होता.

“चढवा बिगीबिगी,” तो म्हणाला. “भाव सांजेक सांगतंय.”

चार-पाच हात दोरावरून सुटलेसुद्धा.

“दोर कोणी सोडूचो नाय.”

आबांचा आवाज मोठा नव्हता. पण सुटलेले हात परत दोरावर आले.

“आबा, मासळी...” बायजाक्का म्हणाली.

“पाण्यात आसा. बरी आसा.”

माणसं दोर ताणून उभी राहिली. जाळ्यात बांगडा उसळत राहिला. टेम्पोच्या फळीतून बर्फाचं पाणी वाळूत गळायला लागलं, आणि त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. यशवंतनेही ऐकला.

“ह्या काय चाललाहा?” त्याने विचारलं.

पाण्यातून दिगंबर बोलला.

“भाव सांग, यशवंता. हयच सांग. सगळ्यांक आयकाक येयत असो.”

यशवंत हसला. हसायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि ओल्या वाळूपर्यंत चालत आला. बूट भिजतील म्हणून तिथेच थांबला.

“दोन वाजले, दिगंबरा. तालुक्याक तू आता पोचूचंस नाय. हयच सही कर, मी पोचवतंय. अध्यक्ष शब्दाचे पक्के आसत. आतलो माणूस होशीत.”

त्याने पेन पुढे केलं. हात लांब केला असता तर ते मिळालं असतं.

निवडणूक हरलो तर सोसायटीच्या पंपावर आपल्या होडीला डिझेल मिळणार नाही, हे दिगंबरला माहीत होतं. होडी उभी राहील. कर्जाचे हप्ते मात्र उभे राहणार नाहीत. घरी बायकोने काल रात्री हेच सांगितलं होतं, आणि ती चुकीचं सांगत नव्हती.

त्याचा उजवा हात दोरावर सैल झाला.

“आबा...”

“जा, जावचा तर. मी काय तुका बांधून ठेवूक नाय.”

दिगंबरने पुढे पाहिलं. बायजाक्काचे हात, सोलवटलेले. त्यापुढे आणखी हात. त्याने मागे वळून पाहिलं. वर सुरूपर्यंत हातच हात. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे होती आणि दोर तारेसारखा ताठ होता.

त्याला लाज वाटली. मग लाज गेली, आणि दुसरंच काहीतरी आलं. छाती भरून आलं.

उजवा हात दोरावर आवळला गेला.

“माझे हात वले आसत, यशवंता. सही उठूची नाय.”

“मी थांबतंय. पुसून घे.”

“आज सुकूचे नाय.”

यशवंतने पेन खिशात टाकलं. कागद चुरगळला नाही, नीट घडी घालून ठेवला. अठरा वर्षांची सवय. मग तो दिगंबरला सोडून आबांकडे वळला, आवाज एकदम मऊ करून.

“आबा, तुम्ही मोठे. तुम्ही तरी ह्याका समजवा. हरतलो ह्यो. डिझेलाचो थेंब मिळूचो नाय. उद्या रस्त्यान जाताना कोण ओळख दाखवचा नाय. एकटो पडतलो, आबा... एकटो.”

आबा उठले. वाळूत काठी रोवली. डोळे बारीक करून त्यांनी दोराकडे पाहिलं, पाण्यापासून थेट सुरूच्या झाडांपर्यंत. सावकाश पाहिलं. जाळ्यात बांगडा उसळत होता.

“माका आताशी कमी दिसता, यशवंता,” ते म्हणाले. “ह्यातलो एकटो खयचो, जरा पाण्यात येवन बोट लावन दाखव.”