कडी लावणाऱ्याची पाठ

एकदा एक मोटार आपल्या मालकाच्या खांद्यापायी कारखान्यात आली. मोटारीला स्वतःला काहीही झाले नव्हते. पन्नास वर्षांपूर्वीची, लांबरुंद, परदेशी बनावटीची ती गाडी होती. तिला क्लच नव्हता; गिअर आपोआप पडत. चालकाने एक दांडा हलवून तिला फक्त सांगायचे, की आता पुढे चल, आता मागे ये, आता जागच्या जागी थांब. हा दांडा होता स्टिअरिंगच्या खांबावर, डाव्या हाताला. आणि मालकाचा डावा खांदा वर्षभरापूर्वी जो आखडला, तो काही केल्या हात वर उचलू देईना.

मालक म्हणजे कोल्हापुरातले गुळाचे जुने व्यापारी देवाप्पा मगदूम. त्यांना सगळे आण्णा म्हणत. खांदा आता एवढाच चालणार, असे डॉक्टरांनी सांगून टाकले होते. मुले म्हणाली, ड्रायव्हर ठेवा; सुना म्हणाल्या, गाडी विकून टाका. आण्णांना दोन्ही मान्य नव्हते. चाळीस वर्षे दर रविवारी ते स्वतः गाडी चालवत पत्नीला, अक्काताईंना, तिच्या बहिणीकडे कागलला घेऊन जात. गेले वर्षभर अक्काताई एसटीने जात होत्या आणि आण्णा ओसरीवर बसून कुढत होते. माणूस हट्टी खरा. पण काही हट्ट माणसाला म्हातारपणी उभे ठेवतात, आणि हा त्यांतलाच होता असे मला वाटते.

शहरातल्याच उद्यमनगरात बाबालाल शिकलगार यांचा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता. सत्तरी ओलांडलेले हे कारागीर मोजके बोलत असत आणि सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आण्णांनी त्यांच्यासमोर आपला हात जेमतेम छातीपर्यंत नेऊन दाखवला आणि विचारले, "उस्ताद, ह्याच्या वर जात न्हाई. दांडा खाली आणता येतोय का?"

"हात खाली येतोय न्हवं?" उस्ताद म्हणाले. "मग दांडाबी येतोय."

उस्तादांपाशी रणधीर नावाचा एक शिष्य होता. दहा वर्षे त्यांच्या हाताखाली घासून निघालेला, सफाईदार हाताचा, आणि आपला हात सफाईदार आहे हे पुरते ओळखून असलेला. उस्तादांनी हे काम सर्वस्वी त्याच्यावर सोपवले. पहिल्याच दिवशी रणधीर बाह्या सरसावून तयार झाला, तर उस्ताद म्हणाले, "आधी आण्णांच्या घरी जाऊन येऊ."

"घरी कशाला? गाडी तर हितं हाय."

उस्तादांनी चपला घातल्या.

आण्णांचे घर टेकाडावर होते. रस्त्यालगत लोखंडी फाटक, आणि फाटकापासून ओसरीपर्यंत चांगला चढ. गाडी या चढावर, ओसरीला तोंड करून उभी राहत असे. उस्तादांनी घर पाहिले नाही, चहाला थांबले नाहीत. ते अक्काताईंना म्हणाले, "ताई, गाडी आत आली की फाटक कोण लावतंय?"

"मीच की," अक्काताई हसून म्हणाल्या. "ह्यांना वाकवत न्हाई."

"कसं लावता, जरा दाखवा."

अक्काताईंना गंमत वाटली, पण त्यांनी दाखवले. दोन्ही दारे ओढून घेतली, रस्त्याकडे तोंड आणि घराकडे पाठ करून त्या वाकल्या, आणि जमिनीतल्या भोकात उतरणारी गंजकी कडी दोन्ही हातांनी खालीवर करत बसवू लागल्या. कडी चटकन बसेना. उस्ताद शांतपणे बघत राहिले. मग आण्णांकडे वळून म्हणाले, "हँडब्रेक मी घट्ट करून देतो. पण तुमी वढणार का?"

आण्णा प्रामाणिक माणूस. म्हणाले, "खोटं कशाला बोलू? चाळीस वर्सांत वढला न्हाई. पार्कात टाकायचं आन् उतरायचं."

पार्क म्हणजे दांड्याची शेवटची जागा. दांडा तिथे गेला की गिअरच्या पेटीतला एक खिळा दात्यात अडकतो आणि चाके जखडली जातात. निदान अडकायला हवा. परतीच्या वाटेवर रणधीर मनाशी म्हणत होता, की उस्तादांनी अर्धा दिवस फुकट घालवला.

पुढचे आठ दिवस मात्र रणधीरने मन लावून काम केले, आणि काम खरोखर देखणे केले. खांबावरचा दांडा उतरवून तिथली खाच त्याने अशी बुजवली, की तिथे कधी काही होते हे सांगूनही खरे वाटू नये. भंगारबाजारात हिंडून त्याने तशाच जुन्या गाडीचा जमिनीवरचा दांडा शोधून आणला. आण्णांना बोलावून सीटवर बसवले, त्यांचा हात सैल सोडायला लावला, आणि तो जिथे आपोआप विसावला तिथेच पत्रा कापला. गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असतानाच सुरू व्हावी म्हणून जो स्विच असतो, तोही त्याने न विसरता खांबावरून खाली आणला. पेटीपासून दांड्यापर्यंत नवी केबल ओढली. पण केबल जोडण्याआधीच त्याने दांड्याशेजारी पितळी पाटी कोरून बसवली होती. पी, आर, एन, डी, एल: पार्कपासून पुढे एकेका जागेचे आद्याक्षर. तिचे दोन स्क्रू पिळले तेव्हा तो स्वतःच दोन पावले मागे सरून तिच्याकडे बघत राहिला होता.

"उस्ताद, झालं," आठव्या दिवशी तो म्हणाला. "एकदम ओके. आण्णांना फोन लावू?"

उस्तादांनी दांडा एकदा पुढेमागे फिरवला आणि गाडी कारखान्यामागच्या अंगणात घ्यायला सांगितली. तिथे जमीन उतरत उतरत एका दगडी भिंतीशी संपत होती. रणधीरने गाडी भिंतीकडे पाठ करून उतारावर हँडब्रेक लावून उभी केली. उस्ताद ब्रेकवर पाय ठेवून आत बसले, दांडा पार्कमध्ये टाकला, इंजिन बंद केले, हँडब्रेक सोडला.

"आता मागं जाऊन उभा ऱ्हा. गाडी आन् भिंतीच्या मधी."

रणधीर हसला. जाऊन उभा राहिला, गाडीकडे तोंड करून, हाताची घडी घालून. त्याला पूर्ण खात्री होती.

"तसा नव्हं," उस्ताद खिडकीतून म्हणाले. "भिंतीकडं तोंड कर. वाक. कडी लावतोयस असं समज."

रणधीरला हे चमत्कारिक वाटले. पण दहा वर्षांत त्याने उस्तादांचा शब्द मोडला नव्हता. तो वळला, वाकला. समोर दगडी भिंत. मागे दीड टन लोखंड, ज्याचा आता कसलाही आवाज येत नव्हता. दोन क्षण गेले आणि त्याची मान वळली. त्याने स्वतःला सावरले, पुन्हा भिंतीकडे पाहिले. मान पुन्हा वळली. तिसऱ्यांदा मात्र तो सरळच उभा राहिला, आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

"बाजूला हो," उस्ताद म्हणाले. तो बाजूला झाला. "गाडी तर अजून हालली न्हाई. मग तुझी मान का हालली?"

रणधीर खाली बघत म्हणाला, "शेवटच्या खाचंत दांडा जरा दाबून बसवावा लागतोय. सोडला की केसभर मागं येतोय."

"कवा कळलं?"

"परवा."

"मग?"

"केबल पुन्हा लावायची तर पाटी हालवाय लागली असती. आन् पाटी लई झ्याक बसली हुती, उस्ताद."

उस्तादांनी ब्रेकवरचा पाय काढला. क्षणभर काहीच झाले नाही. मग पेटीतून कट् कट् असा बारीक आवाज आला, आणि गाडी मागे सरकली. वीतभर सरकून थांबली. पलीकडच्या पुढच्या चाकामागे उस्तादांनी आत बसण्याआधीच एक मोठा दगड लावून ठेवला होता. रणधीर उभा होता तिथून तो दिसत नव्हता. रणधीरने आधी तो दगड पाहिला, मग भिंत पाहिली, आणि त्याला आण्णांच्या फाटकापाशी वाकलेली पाठ आठवली. त्याला स्वतःची लाज वाटली, साधीसुधी नव्हे, अंगभर.

उस्ताद गाडीतून उतरले. रागावले नाहीत. रागावले असते तर रणधीरला बरे वाटले असते.

"हे बघ," ते म्हणाले, "दांडा म्हंजे नुसतं सांगणं. करणारी ती पेटी. वर पी लिहिलं म्हणून खाली पार्क होत न्हाई. तू आधी पाटी लावलीस, आन् मग पेटीनं पाटीचं ऐकावं म्हणून दांडा दाबत बसलास. बरं, तुला कळलं नव्हतं असंबी न्हाई. तुझ्या हाताला परवा कळलं, मानंला आत्ता कळलं. तूच तेवढा ऐकाय तयार नव्हतास. गाडीकडं तोंड करून तू दिवसभर उभा ऱ्हाशील, कारण हालली तर उडी मारता येती. ती बाई पाठ करून वाकती. आपलं काम झालं का न्हाई, हे तिथं उभं ऱ्हाऊन बघायचं, लेका. गाडीकडं पाठ करून."

एवढेच बोलून त्यांनी स्क्रूड्रायव्हर रणधीरच्या हातात दिला. रणधीरने पाटी उतरवली.

मग काम उलट्या बाजूने सुरू झाले. रणधीर गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला आणि त्याने पेटीच्या बाजूच्या आर्मवर, केबल जिला ओढते त्या पट्टीवर, हात ठेवला. वर उस्तादांनी दांडा पार्कच्या खाचेत बसवून हाक दिली, "पार्क?"

"न्हाई!" खालून उत्तर आले.

"बघ नीट."

"न्हाई उस्ताद, दोन आटे कमी पडतायत."

तेव्हा रणधीरने केबल सोडवली, पेटी हाताने पार्कमध्ये नेली, आतला खिळा दात्यात बसल्याचा ठोका बोटांना लागेपर्यंत नेली, आणि मगच केबलचा नट दोन आटे फिरवून तिला दांड्याशी जोडले. आता हाक खालून यायची होती. "पार्क!" रणधीर ओरडायचा, आणि दांडा जिथे असेल तिथे उस्ताद पेन्सिलीची खूण करायचे. "रिव्हर्स!" खूण. "न्यूट्रल!" खूण. एकेक जागा तीनतीनदा तपासून झाली. पाटी खुणांवर धरून पाहिली तेव्हा तिला ज्वारीच्या दाण्याएवढे पुढे सरकावे लागत होते. म्हणजे नवी भोके पाडावी लागणार, आणि जुनी दोन त्या चकचकीत पितळेवर तशीच दिसत राहणार.

"नवी पाटी कोरून घे हवी तर," उस्ताद म्हणाले.

"नको," रणधीर म्हणाला. "हीच लावतो."

मग त्याने चाकामागचा दगड स्वतःच्या हाताने काढला. दोघांनी मिळून उताराच्या दिशेने गाडी रेटून पाहिली. ती तसूभरही हालली नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णा गाडी न्यायला आले. सीटवर बसले, हात सैल सोडला आणि तो थेट दांड्यावर विसावला. खांद्याला काही विचारावेच लागले नाही. वर्षभराने आपली गाडी आपण चालवतो आहोत, हे कळून आण्णांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवलेही नाही. उस्ताद शेजारी बसले, रणधीर मागे. टेकाडाचा चढ चढून गाडी ओसरीसमोर उभी राहिली, आण्णांनी दांडा पार्कमध्ये टाकला, ब्रेक सोडला. अक्काताई पदर सावरत घरातून फाटकाकडे निघाल्याच होत्या.

रणधीर लगबगीने उतरला. "अक्का, आज कडी मी लावतो."

त्याने दारे ओढून घेतली, गाडीकडे पाठ केली आणि वाकला. कडी गंजलेली होतीच. बसायला वेळ लागला. गाडीतल्या आरशात उस्तादांना ती वाकलेली पाठ दिसत होती. ते तिच्याकडे बघत राहिले. रणधीरची मान एकदाही वळली नाही.

इकडे आण्णा पितळी पाटीवरून बोट फिरवत होते. "उस्ताद, काम लई सुरेख झालंय. पण ही दोन मोकळी भोकं कसली?"

तोवर रणधीर खिडकीशी येऊन पोचला होता. "ती माझी हाईत, आण्णा," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या तशीच."

"कडी बसली नीट?" उस्तादांनी विचारले.

"बसली."

उस्तादांनी मान हलवली, आणि या घरचा चहा घ्यायला ते पहिल्यांदाच गाडीतून उतरले.

त्या रविवारी अक्काताई गाडीने कागलला जाऊन आल्या. परत आल्यावर आण्णांनी चढावर गाडी उभी केली, आणि अक्काताईंनी नेहमीप्रमाणे खाली येऊन, वाकून, सावकाश कडी लावली. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. पाहावे असे त्यांच्या मनातही आले नाही. दोन भोकांची गोष्ट त्यांना आजही ठाऊक नाही, आणि काम चोख झाल्याची याहून मोठी पावती रणधीरला नको होती.