वस्तादांची वज्री

विषय : तालमीतील पहिलवानांच्या तळपायांवर उठलेल्या चामखिळी व त्यांचा बंदोबस्त.
संदर्भ : जत्रेच्या मैदानातील लागोपाठ दोन पराभव.

उपरोक्त विषयाची हकीकत अशी, की एका लहानशा संस्थानातल्या एका गावात एक तालीम होती आणि तिथे बाबजी नावाचे वस्ताद होते. उभ्या हयातीत बाबजींची पाठ कोणी मातीला लावली नव्हती. ही गोष्ट ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगत, त्यामुळे ती कोणी विसरण्याची भीती नव्हती.

तालमीत एक रीत होती. आंघोळीच्या ओल्या दगडावर वस्तादांची टाच घासायची खरबरीत वज्री ठेवलेली असे. ज्या पठ्ठ्याने त्या दिवशी सर्वांत चांगली मेहनत केली, त्याला त्या वज्रीने आपले पाय घासण्याचा मान मिळे. वज्रीतून वस्तादांचे बळ अंगात उतरते, अशी समजूत होती. बळाचे नक्की सांगता येत नाही. दुसरे काहीतरी मात्र उतरत होते.

पठ्ठे एकेक करून लंगडू लागले. तळपायाला खडा टोचावा तसे दुखे. नदीपलीकडच्या गावाने करणी केली, असे ठरले. दारावर लिंबे टांगली. बेडकांच्या स्पर्शाने असे होते, असेही कोणी म्हणाले, म्हणून बेडकांना हाकलण्यात एक अख्खा आठवडा गेला. सर्वांत तयारीचा पहिलवान रायाप्पा न्हाव्याकडे गेला आणि त्याने ते दुखणे वस्तऱ्याने कापून घेतले. महिनाभराने एकाची चार झाली.

दोन जत्रांत तालीम हरली. तेव्हा राजेसाहेबांचा हुकूम आला : यंदाही हरल्यास तालीम बंद करून त्या जागेत सरकारी घोडे बांधावेत. घोडे दोनच होते आणि तेही म्हातारे. पण हुकूम तो हुकूम.

जत्रेला शंभर दिवस उरले. रायाप्पाची टाच जमिनीला टेकत नव्हती. अखेर बाबजींनी संस्थानच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण द्वारकाबाईंना बोलावले.

बाईंनी रायाप्पाचा पाय उजेडाकडे धरला. "हे कुरूप नव्हे, चामखीळ आहे. अंगाच्या भाराने आत दबली, म्हणून टोचते. हे काळे ठिपके दिसतात ना, त्या गोठलेल्या रक्ताच्या बारीक नळ्या."

"करणी न्हाई?" बाबजींनी विचारले.

"नाही. आणि बेडकांनीही तुमचं काही बिघडवलेलं नाही. हा संसर्ग आहे. ओल्या जागी, अनवाणी पायांनी, एकाचा दुसऱ्याला होतो."

बाईंनी बावीसही पठ्ठ्यांचे पाय पाहिले. एकोणीस जणांना चामखिळी होत्या. तिघांचे पाय स्वच्छ.

"हे तिघे कोण?"

बाबजी ओशाळले. "ते आळशी हायेत, बाई. त्यांचं नाव नका काढू."

त्या तिघांतला गजाबा पुढे आला. "खरं हाय, बाई. तीन वर्सांत मला वज्रीचा मान एकदाबी न्हाई मिळाला."

बाई थांबल्या. "वज्री कुणाची?"

सगळे छताकडे पाहू लागले. छतात पाहण्यासारखे काही नव्हते.

"वस्ताद, तुमचा पाय बघू."

बाबजी नाही म्हणाले असते, तर त्यांचा पाय बळेच उचलेल असा माणूस त्या पंचक्रोशीत नव्हता. तालमीबाहेर पाच गावांत त्यांचे नाव होते आणि ते नाव त्या पायांवरच उभे होते. त्यांनी एकवार रायाप्पाकडे पाहिले. तो भिंतीला धरून एका पायावर उभा होता. मग बाबजी उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी सर्वांदेखत तळपाय वर केला.

टाचेखाली सुपारीएवढी चामखीळ होती.

"अकरा वर्सं झाली," ते म्हणाले. "दुखतं. कुणाला बोललो न्हाई. वस्तादाला दुखत नसतं, असं मला वाटायचं."

कोणी हसले नाही. त्याच दुपारी बाबजींनी आपल्या हाताने मुद्गल घालून वज्री फोडली आणि तिचे तुकडे पुरून टाकले.

बाईंनी इलाज सांगितला. रोज संध्याकाळी पाव घटका पाय कोमट पाण्यात. मग ज्याने त्याने स्वतःच्या दगडाने वरची मेलेली कातडी हलकेच घासायची, चामखिळीपुरतेच सॅलिसिलिकचे मलम लावायचे आणि पट्टी बांधायची. वस्तरा नको, नखाने कोरणे नको. आंघोळीच्या दगडावर वहाणा घालूनच जायचे. मुदत बारा आठवडे.

गावातली झाडून सारी घंगाळे तालमीत आली. एक हजार जोर काढणारे पहिलवान ओळीने पाय बुडवून बसू लागले आणि नवव्या दिवशी कंटाळले.

"वस्ताद, काडीचा फरक न्हाई," रायाप्पा म्हणाला. "न्हाव्यालाच बोलवा."

"धोबीपछाड किती दिसांत शिकलास?"

"दोन वर्सं लागली."

"मग बस खाली. पाय घाल पाण्यात."

आणि बाबजींनी शेजारच्या घंगाळात स्वतःचा पाय घातला. हा नेम त्यांनी एकही दिवस चुकवला नाही, त्यामुळे इतरांना चुकवता येईना. दोघांनी मलमाचा कंटाळा केला, तरी त्यांच्या चामखिळी गेल्या. काहींच्या आपोआपही जातात, असे बाई म्हणाल्या. त्या दोघांनी श्रेय मारुतीला दिले.

जत्रा आली. हलगी कडाडली. नदीपलीकडचा मल्ल रायाप्पाहून वीतभर उंच होता आणि समोरच्याच्या लंगडण्यावर भिस्त ठेवून आला होता. रायाप्पाने डावी टाच मातीत रोवली. ती पुरती टेकली. पाहणाऱ्यांना पुढचे नीट दिसले नाही. दिसले ते एवढेच, की पलीकडचा मल्ल हवेतून गेला आणि आभाळाकडे तोंड करून पडला. फेटे उडाले. गजाबाने जन्मात प्रथमच धावत जाऊन रायाप्पाला खांद्यावर घेतले आणि मैदानाला तीन फेऱ्या घातल्या. राजेसाहेबांनी तालीम बंद करण्याचा हुकूम जागच्या जागी रद्द केला. बाबजींची जुनी चामखीळ तेवढी डाळीएवढी उरली होती. तरी ते भर मैदानात नाचले, आणि पायात वहाणा घालून नाचले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दरबाराकडे अर्ज केला : पठ्ठ्यांसाठी बावीस व अर्जदारासाठी एक, अशा तेवीस स्वतंत्र वज्र्या मिळाव्यात. कचेरीने खुलासा मागवला, की आजवर एकीवर भागले असताना आता तेवीस कशाला. खुलासा सविस्तर देण्यात आला. त्यावर अभिप्राय मागवण्यात आला आहे. कोणाचा, ते नमूद नाही.

तात्पर्य : लपवलेले दुखणे एकट्याचे राहत नाही, सगळ्यांचे होते. ते मोठ्या माणसाने आधी उघड करावे आणि इलाज रोज थोडा थोडा, पण न चुकता करावा. म्हणजे आपल्याहून उंच असलेलेही चीत होतात. वज्र्यांचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.